बदली गवळणीचा हिवाळा

योरुनच्या अंगाला दोन वास कायमचे चिकटलेले होते, एक गोठ्याचा आणि दुसरा मेणाचा. गोठ्याचा वास पोटापाण्याचा. ग्रोनली खोऱ्यातल्या तीन गोठ्यांची ती बदली गवळण होती. मालकाला लग्नाला जायचंय, दाढ काढायचीय, नाहीतर नुसताच कामाचा कंटाळा आलाय, की योरुनला फोन जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती तिथं हजर असायची. मेणाचा वास मात्र जिवाचा. लांब पल्ल्याच्या स्की-शर्यती ती वयाच्या नवव्या वर्षापासून धावत होती, आणि स्कीच्या तळाला मेण लावण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती. खांदे कमावलेले, गाल वाऱ्याने कायम लाल, आणि तोंडाची अशी फटकळ की गाईसुद्धा तिच्यापुढे लाथ उचलताना विचार करत.

गेल्या एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या संघाने तिला नारळ दिला. प्रशिक्षकाने फोन केला तेव्हा ती गाईच्या आचळांना यंत्र लावत होती.

"योरुन, तुझा अनुभव आम्हाला फार मोलाचा वाटतो," तो म्हणाला.

"मोलाचा वाटतो म्हणूनच काढताय होय?"

"तसं नाही. तरुण मुली वर येताहेत..."

"येऊ देत की. मी काय दार अडवून बसलेय?"

फोन ठेवला आणि तिने राहिलेल्या अकरा गाई पिळल्या. मग बादलीवर बसून पाच मिनिटं रडली. गोठ्यात रडायची एक सोय असते, गाई काही विचारत नाहीत.

तिला एकच गोष्ट हवी होती. राजधानीच्या टेकडीवर मार्चमध्ये बायकांची पन्नास किलोमीटरची शर्यत होते. जगातल्या सगळ्या नावाजलेल्या मुली येतात, टेकडीवर माणूस मावत नाही. त्या शर्यतीत एकदा, फक्त एकदा, छातीवर आकडा बांधून उभं राहायचं होतं. यजमान देशाला काही जादा मुली उतरवता येतात, आणि त्यातली एक जागा आमच्या भागाची. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत एकेक निवड-शर्यत. तिन्हींच्या गुणांत जी सगळ्यांत वर, ती टेकडीवर.

हे तिने एकट्या हाल्वरला सांगितलं. "यंदा मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर शर्यतीचे बूट खुंटीला. कायमचे."

हाल्वर एकोणसत्तर वर्षांचा, चौदा गाईंचा मालक. योरुन सोळा वर्षांची असताना धार काढायला पहिल्यांदा त्याच्याच गोठ्यात शिकली. ग्रोनलीत सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, पाद्र्यालासुद्धा, त्यामुळे ती त्याला हाल्वरच म्हणायची. गावाच्या स्की-मंडळाचं यंत्र गेली तीस वर्षं तोच चालवत होता. पहाटे चारला उठून जंगलातून यंत्र फिरवायचं, बर्फ दाबायचा, त्यात दोन समांतर खोल चाकोऱ्या पाडायच्या, आणि सहाला धारेला घरी. बोलणं असं की दिवसाकाठी वीस शब्द झाले तर घसा बसायचा. तिचं बोलणं ऐकून तो टोपी घालून उठला.

"मग मला बर्फ लवकर काढायला लागेल," एवढंच म्हणाला.

आमच्याकडे बर्फ साठवून ठेवतात. मार्चअखेरीस पंचायतीच्या इमारतीएवढा उंच ढीग रचायचा आणि त्यावर हातभर जाडीचा लाकडाचा भुसा पसरायचा. उन्हाळाभर तो ढीग गवतात निजलेला असतो. ऑक्टोबरात भुसा ओढला की खाली तीन-चतुर्थांश बर्फ शाबूत सापडतो. हाल्वर त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ढिगाभोवती फेरी मारायचा. कुठे भुसा सरकला, कुठे पावसाने ओघळ पाडले, फावड्याने सारखं करायचा.

योरुनचा उन्हाळा असा गेला. सकाळची धार, मग दलदलीतून दोन तास धावणं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. जेवण. मग चाकांच्या स्की पायाला बांधून डांबरी रस्त्यावर चाळीस किलोमीटर, मागून लाकडाचे ट्रक भोंगे वाजवत यायचे. संध्याकाळची धार. धारेच्या मधल्या वेळात गोठ्याच्या खांबाला रबरी नळ्या बांधून ती दोन्ही हातांनी ओढत बसायची, काठ्या मारायचा सराव म्हणून. गाई रवंथ करत तिच्याकडे बघायच्या.

दुकानवाली बोर्गहिल्ड एकदा दूध न्यायला आली आणि दारातच थबकली. ती मंडळाची अध्यक्ष, आणि खोऱ्यातली सगळ्यांत तिखट जीभ तिचीच.

"खांब पाडतेस की काय?"

"पडला तर तुझ्या दुकानातून नवा नेईन."

"उधारीवर मिळणार नाही," बोर्गहिल्ड म्हणाली, आणि जाताना पिशवीतलं तपकिरी चीज ठेवून गेली. तिची माया अशीच असायची, आधी चिमटा आणि मग खाऊ.

ऑक्टोबरात दहा दिवस आधीच हाल्वरने भुसा ओढायला काढला. गाव जमलं. सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि मग एकत्र जेवायचं, याला इथे दुगनाद म्हणतात. आपली इर्जिकच ती. बोलावणं आलं आणि गेलं नाही असं ग्रोनलीत होत नाही. त्यापेक्षा चर्चमध्ये शिट्टी वाजवलेली चालेल. दोन दिवस फावडी चालली, मटण-कोबीची दोन पातेली रिकामी झाली, आणि तपकिरी गवतातून बाराशे मीटरची पांढरी फेरी तयार झाली. साऱ्या जिल्ह्यात तेवढाच काय तो बर्फ. योरुन त्यावर रोज पंचवीस फेऱ्या मारायची, घाण्याच्या बैलासारखी. पहाटेची धार नसेल त्या दिवशी ती सहालाच हजर व्हायची आणि नुकत्या पाडलेल्या चाकोरीत पहिली स्की टाकायची. त्या आवाजासारखा आवाज नाही. कोरा कागद फाडावा तसा.

डिसेंबरच्या शर्यतीत ती दुसरी आली. शहरातल्या मोठ्या मंडळाची इदुन नावाची बावीस वर्षांची मुलगी सहावी. जानेवारीत उलटं झालं. थंडी उणे एकवीस, योरुनचा घसा बसलेला, तरी ती धावली आणि अकरावी आली, इदुन पहिली. बाकीच्या मुली केव्हाच मागे पडल्या होत्या. आता हिशेब सरळ होता. तिसऱ्या शर्यतीत योरुनने इदुनला मागे टाकलं तर जागा योरुनची, नाहीतर इदुनची. आणि काही कारणाने ती शर्यत झालीच नाही, तर दोन शर्यतींवर निकाल लावून जागा इदुनला.

तिसरी शर्यत ग्रोनलीत होती. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला पाऊस सुरू झाला.

दहा दिवस पडला. छपरांवरचा बर्फ घसरून गेला, नदी फुगली, जंगलातल्या फेरीवर शेवाळ दिसू लागलं. योरुन रोज सकाळी दार उघडून बघायची. जिल्ह्याहून फोन आला, शुक्रवारी दुपारी तपासनीस येईल. पाच किलोमीटरची फेरी सलग दिसली तर शनिवारी शर्यत, नाहीतर रद्द.

बोर्गहिल्डने मंगळवारी सगळ्यांना बोलावलं.

"सोळाशे मीटर बर्फ नाही. कुठून आणायचा?"

 योरुन खाली मान घालून बसली होती. आपल्यासाठी गावाने हे करावं असं म्हणायची तिची छाती होईना.

"गोठ्यांच्या मागे आहे," हाल्वर म्हणाला. "उत्तरेला. छपरावरनं पडलेला. दोन पुरुष उंच."

"आणि माझ्या दफनभूमीच्या भिंतीपाशी आहे," पाद्री म्हणाला. "तिथली मंडळी हरकत घेणार नाहीत."

दोन दिवस सगळं खोरं बर्फ गोळा करत होतं. पाद्री ढकलगाडीतून आणत होता, शाळेतली पोरं घसरगाड्यांवरून, शेतकरी ट्रॅक्टरच्या गाड्या भरभरून. योरुन सकाळ-संध्याकाळ धार काढून मधल्या वेळात फावडं चालवायची. बोर्गहिल्डने तिच्या हातातून फावडं हिसकावलं.

"तू घरी जा आणि पाय वर करून पड."

"माझ्यासाठी राबताय आणि मी पडू?"

"तुझ्यासाठी कोण राबतंय? आम्हाला शर्यतीला येणाऱ्यांना गरम वाफल विकायचेत," बोर्गहिल्ड म्हणाली. "नीघ."

गाव करी ते राव न करी म्हणतात ते खरं. पण गावाची चूकही गावाएवढीच मोठी असते. बर्फ पातळ आणि सारखा पसरायला सगळ्यांत उत्तम यंत्र कुठलं, तर शेणखत उडवायचं. ट्रॅक्टरमागे जोडलं की बर्फ कसा हळदीकुंकवासारखा पसरतो. तीन गोठ्यांतून तीन यंत्रं आली. ती आधी धुवायची हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि दुसऱ्याने धुतली असतील याची प्रत्येकाला खात्री होती. इर्जिकीत असंच होतं, सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. शिवाय गोठ्यामागचा बर्फ. त्यात दोन वर्षांचं वाळकं गवत मुरलेलं.

शुक्रवारी हाल्वरने यंत्र फिरवून वरचा थर सारखा केला. तपासनीस आला, चालला, मान डोलावली, दोन वाफल खाऊन गेला. योरुनचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी पहाटे तासभर ऊबदार सर आली आणि वरचा पांढरा थर धुऊन गेला. उजाडल्यावर बघतात तो चर्चखालच्या सपाटीवर सहाशे मीटरचा तपकिरी पट्टा, वर गवताच्या काड्या, आणि वास विचारू नका. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"यंत्रं कोणी धुतली होती?" बोर्गहिल्डने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"छान," ती म्हणाली. "सत्तावीस मंडळांच्या मुली येताहेत, आणि आपण त्यांना शेणातून पळवणार."

पण फेरी सलग होती, नियमात बसत होती. शर्यत होणार होती.

अडचण मेणाची होती. ओल्या, जुन्या बर्फावर स्कीच्या मधोमध लेईसारखं चिकट मेण लावतात, क्लिस्टर. त्याच्यामुळे चढावर पाय मागे घसरत नाही. पण क्लिस्टर काड्यांवरून गेलं की त्यांना उचलतं. दोन फेऱ्यांत स्कीखाली दाढी उगवते, मग चढ चढा नाहीतर ढकलत न्या. योरुन दहा दिवस असल्याच घाणीवर सराव करत होती, आणि तिला आणि हाल्वरला उपाय सापडला होता. क्लिस्टर लावून स्की बाहेर गार होऊ द्यायच्या, मग त्यावर कडक निळ्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवायचा, चिकट कणकेवर कोरडं पीठ लावावं तसा. काड्या बसत नाहीत.

आता यजमान मंडळाची एक रीत आहे. शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला मंडळाच्या खोपटाबाहेरच्या फळ्यावर, आज कुठलं मेण, ते पाहुण्यांसाठी लिहायचं. एरवी ते हाल्वर लिहायचा. त्या दिवशी तो पट्ट्यावरच्या काड्या दाताळ्याने ओढत होता. बोर्गहिल्डने वाफलच्या पिठाने माखलेल्या हाताने खडू योरुनपुढे केला.

"तुला ठाऊक आहे, तूच लिही." आणि ती आत गेली.

योरुनने लिहिलं, ‘क्लिस्टर’. आणि खडू थांबला.

एवढं लिहिलं तरी खोटं नव्हतं. कुणी बोट दाखवलं नसतं. पुढची ओळ नाही लिहिली तर इदुनच्या स्कीखाली दाढी उगवणार होती आणि टेकडीवरची जागा हातात येणार होती. वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती जागा. ती फळ्यासमोर अशी उभी राहिली की मागून येणाऱ्याला वाटावं, बाईला अक्षरं आठवत नाहीत. खाली सपाटीवर हाल्वर वाकून एकेक काडी ओढत होता. सहाशे मीटर. म्हाताऱ्याला काय वेड लागलं होतं? त्या काड्या कुणाच्या स्कीखाली येणार हे तो विचारत नव्हता. सगळ्यांच्याच पायाखालच्या तो काढत होता.

"तुझ्यायला, हाल्वर," ती पुटपुटली, आणि पुढची ओळ लिहिली. ‘गार करून वर निळं, पातळ. सपाटीवर काड्या आहेत. माफ करा.’

मोठ्या मंडळांचे मेणवाले आले. त्यांच्याकडे आख्ख्या खोलीएवढी गाडी, मेण वितळवायच्या दहा प्रकारच्या इस्त्र्या, तापमापकं. त्यांनी फळा वाचला आणि हसले.

"क्लिस्टरवर निळं? माझा आजा असलं करायचा," एक म्हणाला.

दहा मिनिटांनी इदुन एकटीच आली. लहानखुरी, नाकावर पुटकुळी आलेली. फोटोत दिसायची तेवढी भीतिदायक नव्हती.

"फळ्यावरचं तू लिहिलंस?"

"हो."

"खरं आहे?"

"खरं आहे. पण आधी गार कर. घाई केलीस तर दोन्ही मेणांचा चिखल होईल."

इदुनने तिच्याकडे नीट पाहिलं. "आमचे लोक म्हणतात तू फसवतेयस."

"मग त्यांचं ऐक."

"माझ्या आजीच्या घरी गाई होत्या," इदुन म्हणाली. "शेणाच्या बाबतीत मी गाववाल्यांचंच ऐकते." आणि स्की घेऊन पळाली.

शर्यत वीस किलोमीटरची, चार फेऱ्या, सगळ्या एकदम सुटल्या. दुसऱ्या फेरीला मोठ्या मंडळांच्या निम्म्या मुली सपाटीपलीकडे उभ्या राहून स्कीखालचं गवत खरवडत होत्या. पुढे पाचजणी उरल्या. त्यांत योरुन, आणि तिच्या मागे काठीच्या अंतरावर इदुन. इदुनची स्की बर्फाला अशी पकडत होती की योरुनला चढावर एकदा मनापासून पस्तावा झाला. खोटं कशाला सांगा, झाला.

"हाया, योरुन! हाया, हाया!" दोन्ही बाजूंनी गाव ओरडत होतं. पाद्री गाईची घंटा वाजवत होता. "हाया, इदुन!" असंही ओरडत होते. इथं येणाऱ्या प्रत्येकीसाठी ओरडायचं असतं, शेवटचीसाठी सगळ्यांत जास्त.

शेवटच्या चढावर इदुन पुढे गेली. पाच मीटर, आठ मीटर. तरुण पाय होते ते. योरुनच्या तोंडात रक्ताची चव आली. मग उतार, आणि मग चर्चखालची सपाटी, वासासकट. सपाटीवर पायांचं काम नसतं, दोन्ही काठ्या एकदम टोचायच्या आणि खांदे ओढतील तेवढं जायचं. योरुनचे खांदे बारा वर्षांच्या दुधाच्या कॅनचे होते, रबरी नळ्यांचे होते. ती टोचत राहिली. तपकिरी पट्टा संपेपर्यंत ती इदुनच्या बरोबरीला आली होती, आणि रेषेवर बुटाएवढी पुढे होती.

दोघी शेणट बर्फात आडव्या पडल्या. 

"घाण वास येतोय तुझ्या गावाला," इदुन म्हणाली.

"तीन यंत्रं. एकही धुतलेलं नाही."

इदुन हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून तिने योरुनला हात दिला. "फळ्याबद्दल आभार," ती म्हणाली. "मी नसतं लिहिलं."

"मीही जवळजवळ नव्हतंच लिहिलं," योरुन म्हणाली.

अशी ती जागा मिळाली. बोर्गहिल्डने त्याच संध्याकाळी मार्चसाठी पन्नास आसनांची बस ठरवली, आणि दोन दिवसांत भरली. तिन्ही गोठ्यांचे मालक बायकापोरांसकट जाणार होते. मग दुकानात कुणाच्या तरी लक्षात आलं की सकाळी सातला निघायचं आणि रात्री परत यायचं, तर संध्याकाळच्या धारेचं काय? बावन्न गाई. आणि गावात बदली गवळण एकच, तीच शर्यतीत.



"मी काढतो," हाल्वर म्हणाला.

"तू? तूच तर पहिला बसायला हवास!" बोर्गहिल्ड ओरडली.

"मला बस लागते."

"कधीपासून?"

"लागते," हाल्वर म्हणाला. "आणि ती गर्दी. मला नाही सोसत."

योरुनला ठाऊक होतं. हा माणूस पोरवयापासून दरवर्षी रेडिओला कान लावून ती टेकडी ऐकत आला होता. तिथला प्रत्येक चढ त्याला नावानिशी पाठ होता, आणि एकदाही गेला नव्हता, कारण मार्चमधल्या त्या शनिवारीही गाईंना दूध येतंच. ती काही बोलणार होती, पण त्याने सामानाची पिशवी उचलली आणि बाहेर पडला.

टेकडीवरचा तो दिवस तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचा. धुकं. जंगलात शेकोट्या पेटवून बसलेली हजारो माणसं. आपलं नाव अनोळखी तोंडांतून. चाळिसाव्या किलोमीटरला पोटरीत वांब आला आणि तेवढ्यात धुक्यातून बोर्गहिल्डचा आवाज, "हाया! थांबलीस तर दुकानात पाऊल ठेवू नकोस!" पन्नासजणी सुटल्या, योरुन चौतिसावी आली. रेषेपलीकडे गुडघ्यांवर बसली आणि तिला इतकं बरं वाटलं की कुणाला मिठी मारावी कळेना, म्हणून जवळ उभ्या असलेल्या अनोळखी पोलिसालाच मारली.

मग तिने फोन लावला. पलीकडे यंत्राची धडधड.

"हाल्वर, कितव्या गोठ्यात आहेस?"

"दुसऱ्या. लाल गाय लाथा मारतेय. तुझं ऐकते तसं माझं नाही ऐकत."

"पाहिलंस?"

"फोन दुधाच्या टाकीवर ठेवला होता. धुकं होतं. आकडा दिसला एकदा." त्याने यंत्र काढून पुढच्या गाईला लावल्याचा आवाज आला. "चांगली होती का चाकोरी?"

"चांगली होती," ती म्हणाली.

"हां. मग ठीक," तो म्हणाला. "ठेवतो. गाई थांबल्यात."

बसमध्ये सगळे गात होते. योरुन खिडकीशी बसली होती. आमच्याकडे जेवलं की जेवणाबद्दल आभार, फिरायला गेलं की फेरीबद्दल आभार, रस्त्यात भेटलं की मागच्या भेटीबद्दलसुद्धा आभार. पण आपल्या पोरवयापासून हाल्वरने पहाटे उठून पाडलेल्या चाकोऱ्यांबद्दल काय म्हणायचं ते कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. ती चार तास शोधत होती आणि तिला सापडलं नाही.

रविवारी सकाळी पावणेसहाला ती हाल्वरच्या गोठ्यात शिरली. मांड्या अशा दुखत होत्या की उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागली. रात्री ताजा बर्फ पडला होता. हाल्वर यंत्र फिरवून, चाकोरी पाडून नुकताच परतला होता, टोपीवर अजून बर्फ होता.

"तू इथं काय करतेयस?" तो म्हणाला. "बदली सांगितली नाही मी."

"मी सांगितली." तिने त्याच्या हातातून बादली घेतली. "तुझ्या स्की दाराशी ठेवल्यात. रात्रीच मेण लावलं."

"कशाला?"

"हाल्वर, तीस वर्षं तू चाकोरी पाडतोयस. पाडून झाली की तू धारेला येतोस, आणि त्यावर पहिलं कोण जातं? मी. मी नाहीतर आणखी कुणी. तू एकदा तरी पहिला गेलायस?"

म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली.

"काल तिथं जे काही धावले ना, ते सगळं तू पाडलेल्या वाटेवर शिकलेय," ती म्हणाली.  "याला आभार म्हणतात. मला याहून बरं येत नाही. आता जा, लोक उठायच्या आत."

"वेडी आहेस," हाल्वर म्हणाला. बाहीने नाक पुसलं. "तीन नंबरचीला उजव्या बाजूने जा. दुखतंय तिचं."

"ठाऊक आहे मला. जा."

तिने पहिल्या गाईच्या पाठीवर हात ठेवला, आचळं पुसली, पण यंत्र सुरू केलं नाही. दार उघडंच होतं. बाहेर बुटांचे खटके लागल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही. म्हातारा नुसता उभा असावा. आणि मग कोऱ्या चाकोरीत पहिली स्की सरकली. योरुनने तो आवाज जंगलात शिरेपर्यंत ऐकला, आणि मग धारेला बसली.